‘दऱ्या’चा ‘दर्या’: एका स्मरणिकेच्या अक्षरजुळणीचं प्रकरण

साक्री तालुक्यातल्या एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका आमच्याकडे आली, तेव्हा काम मोठं असलं तरी सरळ वाटलं होतं. क्राउन 1/4 आकार, 112 पानं, हजार प्रती. 20 × 30 इंची तावावर दोन्ही बाजू मिळून या आकाराची 16 पानं बसतात. अशा एका छापील तावाला फर्मा म्हणतात, म्हणजे नेमके सात फर्मे. एक फर्मा आर्ट पेपरवर चार रंगांत, उरलेले सहा मॅपलिथो या साध्या कागदावर एका रंगात. माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावरच्या अक्षरजुळणीचं, दुकान धुळ्यात. जुळणी, मांडणी आणि पीडीएफ आमच्याकडे, प्लेट आणि छपाई नाशिकच्या प्रेसमध्ये. संपादक म्हणून शाळेतून निवृत्त झालेले मराठीचे शिक्षक होते. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणतं, मीही तेच म्हणतो.

यात जी चूक झाली ती माझ्या हातून झाली. मराठी मजकूर संगणकावर मांडणाऱ्या कुणाच्याही हातून ती उद्या होऊ शकते, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतोय.

मजकूर तीन वाटांनी आला

पहिली वाट म्हणजे रौप्यमहोत्सवी अंकाची सीडी. तिच्यावर पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइली होत्या. शाळेच्या पहिल्या 25 वर्षांचा इतिहास, तोरणमाळच्या पहिल्या सहलीवरचा एका शिक्षकांचा लेख, आणि गावातल्या एका आजींनी सांगितलेल्या अहिराणी आठवणी आणि जात्यावरच्या ओव्या. ओव्या-आठवणींचा भाग तेव्हा आप्पांनीच लिहून घेऊन टाइप करवला होता, पण जागा पुरली नाही म्हणून छापायचा राहून गेला होता. या वेळी तो घ्यायचाच, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. दुसरी वाट व्हॉट्सॲपची: माजी विद्यार्थ्यांचे लेख, पदाधिकाऱ्यांचे संदेश, सगळं फोनवर टाइप केलेलं. तिसरी वाट हस्तलिखितांची, ती आमच्याकडेच टाइप झाली आणि तिने काही त्रास दिला नाही.

सीडीवरच्या मजकुराचं दुखणं काय होतं हे कळायला थोडं मागे जावं लागतं. पेजमेकर 1985 साली आल्डस कंपनीने आणलं. 1994 मध्ये आल्डस ॲडोबीत गेली, 1999 मध्ये ॲडोबीचं इनडिझाइन हे पानं मांडायचं नवं सॉफ्टवेअर आलं, आणि 2001 ची 7.0 ही पेजमेकरची शेवटची आवृत्ती ठरली. आमच्याकडची दुकानं मात्र त्यानंतरही बरीच वर्षं पेजमेकरवरच चालली. कारण एकच, मराठी फॉन्ट त्यात नीट बसत होते. त्या फॉन्टांची युक्ती अशी होती की संगणकाच्या लेखी फाइलमध्ये इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असायची, फक्त त्यांच्या जागी मराठी आकार भरलेले असायचे. फार तर 256 घरं, आणि त्यात मराठीची अर्धी अक्षरं, काने, मात्रे, वेलांट्या सगळं कोंबायचं. कोणत्या घरात काय ठेवायचं हे प्रत्येक कंपनी आपलं आपण ठरवायची. फॉन्ट असेल तर पान सुंदर, फॉन्ट नसेल तर नुसती कचऱ्यासारखी चिन्हं. युनिकोडमध्ये तसं नसतं. तिथे ‘क’चा क्रमांक कायम ‘क’चाच, फॉन्ट कोणताही लावा.

त्यामुळे जुन्या मशीनवर पेजमेकर उघडून मजकूर बाहेर काढला आणि कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणला. हे काम एका संध्याकाळी झालं. रूपांतर झालेल्या टेक्स्ट फाइली मी एका फोल्डरमध्ये तशाच ठेवून दिल्या. त्या वेळी ती निव्वळ सवय होती.

पान बसवताना

इनडिझाइनमध्ये मराठी मांडायची तर परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर हा आपली लिपी नीट जुळवणारा पर्याय लावावा लागतो. तो नसला तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं हलंत दाखवत सुटी होतात. ही चूक निदान डोळ्यांत भरते. त्याहून फसवी चूक भाषेच्या खान्यात असते. तिथे ‘हिंदी’ राहिलं, की ज्या फॉन्टांत दोन्ही आकार भरलेले आहेत त्यांतून ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हवा, असं राज्य शासनाच्या 2009 च्या शासन निर्णयात आहे, आणि तो निर्णय नसता तरी मी तेच आकार वापरले असते. आमच्या पोरांनी पहिलीच्या पुस्तकात जो ‘ल’ गिरवला तोच त्यांच्या शाळेच्या स्मरणिकेत दिसायला हवा. म्हणून मुख्य मजकुराच्या स्टाइलमध्येच भाषा मराठी केली. अक्षर 12 पॉइंट, ओळींचं अंतर 17. इंग्रजी मजकुराला चालतं तेवढं अंतर देवनागरीला ठेवलं तर वरच्या ओळीचा ऊकार आणि खालच्या ओळीचा रफार-अनुस्वार एकमेकांवर चढतात.

रंगीत फर्म्यात आणखी एक गोष्ट जपावी लागते. बाहेरून आणून चिकटवलेल्या मजकुराचा काळा रंग पुष्कळदा चार रंगांचं मिश्रण होऊन बसतो. प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी असते, आणि मशीनवर त्यातली एखादी केसभर सरकली की सगळ्यात आधी शिरोरेषा फाटते, तिच्या खाली-वर लाल-निळी किनार दिसते. सगळा मजकूर फक्त काळ्या प्लेटवर आणून ठेवला.

फोटोंत जास्त वेळ गेला तो एकाच फोटोवर, पहिल्या तुकडीच्या. पुढे खुर्च्यांवर शिक्षक, मागे तीन रांगांत मुलं, आणि दुसऱ्या रांगेत मधोमध चार मुली. तुकडीत तेवढ्याच होत्या. आप्पांना तो दोन पानांवर पसरून हवा होता. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो 1600 पिक्सेल रुंद होता. दोन पानं मिळून 14.5 इंच, म्हणजे इंचाला जेमतेम 110 पिक्सेल. छपाईला 300 च्या आसपास लागतात. 110 वर चेहऱ्यांची नुसती ठिगळं झाली असती. मूळ फोटो शिक्षक-खोलीच्या भिंतीवर होता, 12 इंच रुंद. फ्रेम उतरवली, मागचे खिळे काढले, फोटो काचेला चिकटलेला नव्हता हे आमचं नशीब. 600 ला स्कॅन केल्यावर 7200 पिक्सेल मिळाले, म्हणजे 14.5 इंचांवर जवळपास 500. फोटो भरपूर खुलला. मागच्या रांगेतल्या एका मुलाच्या खिशाला लावलेलं पेन दिसायला लागलं.

पण पान मधोमध मोडलं की एका मुलीचा चेहरा बरोबर घडीत जात होता. गोंदाच्या बाइंडिंगला पाठीकडून कागद घासतात आणि पुस्तक पूर्ण उघडतही नाही, त्यामुळे घडीच्या दोन्ही बाजूंचे आठ-नऊ मिलिमीटर वाचकाच्या हाती लागत नाहीत. चार मुलींतली एक जाणार हे मला सहनच होईना. फोटो थोडा मोठा केला, डावीकडे 11 मिलिमीटर सरकवला, आणि घडी दोन मुलींच्या मधल्या मोकळ्या जागेवर आणली. फर्म्याच्या अगदी मधल्या जोडपानावर तो घेतला, कारण 16 पानांच्या फर्म्यात फक्त आठवं आणि नववं पान तावावर शेजारी-शेजारी छापलं जातं. बाकी कुठल्याही जोडपानावर दोन अर्धे वेगळ्या जागी छापून घडी घालताना जुळवावे लागतात, आणि ते कधीच नेमके जुळत नाहीत.

सफाई

आप्पांनी पहिलं प्रूफ चार दिवसांत वाचून दिलं. शिक्षकाचं प्रूफवाचन कसं असतं ते त्या पानांवर दिसत होतं. समासात बारीक अक्षरांत प्रत्येक दुरुस्ती, संशय असेल तिथे प्रश्नचिन्ह. सगळ्या दुरुस्त्या घातल्या.

मग व्हॉट्सॲपच्या मजकुरात एक त्रास उरला होता. फोनवरून आलेल्या मजकुरात न दिसणारी चिन्हं असतात. शून्य रुंदीच्या जागा, जोडक, विजोडक. आम्ही घेतलेल्या फॉन्टात त्यांतली काही नव्हती, म्हणून इनडिझाइन तिथे गुलाबी पट्टे दाखवत होतं, आणि काही ओळी मध्येच विचित्र तुटत होत्या. मी शोधा-बदला उघडलं आणि अशी सगळी अदृश्य चिन्हं एकदम पूर्ण पुस्तकातून काढून टाकली. गुलाबी पट्टे गेले. संदेशांची दोन-तीन पानं तपासली, सगळं स्वच्छ होतं. पहिल्या दोन फर्म्यांची पीडीएफ नाशिकला गेली आणि प्लेट्सही झाल्या.

काढलेल्या चिन्हांत एक होतं झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे शून्य रुंदीचा जोडक. कन्व्हर्टरने जुन्या मजकुरातला पापणीसारखा आडवा अर्धा र याच चिन्हाच्या आधाराने लिहिला होता: र, हलंत, जोडक आणि मग य. युनिकोडमध्ये हा र दोन तऱ्हेने लिहिता येतो. एक असा, जोडक लावून. दुसरा स्वतंत्र ‘ऱ’ वापरून, ज्याला जोडक लागत नाही. छापील पानावर दोन्ही हुबेहूब एकसारखे दिसतात. पण पहिल्यातला जोडक काढला की उरतात र, हलंत आणि य, आणि त्यांचा होतो रफार. ‘भाकऱ्या’ची ‘भाकर्या’ होते. संदेशांच्या मजकुरात बहुतेकांच्या फोनने दुसरा ‘ऱ’ लिहिला होता, म्हणून मी तपासलेली पानं शाबूत राहिली. सीडीवरून आलेली जुनी पानं मात्र सगळी बिघडली, आणि ती पानं आप्पांनी आधीच वाचून दिलेली होती.

तोरणमाळच्या लेखात मूळ वाक्य होतं, ‘वाट चढता चढता सातपुड्याच्या दऱ्या खाली राहिल्या.’ सफाईनंतर तिथे ‘सातपुड्याच्या दर्या’ झालं. समुद्र इथून कितीतरी दूर, आणि आमच्या पानात तो सातपुड्यात शिरला.

ओट्यावर

हे मला कळलं ते आजींमुळे. ओव्या छापायच्या तर एकदा त्यांना ऐकवून त्यांची परवानगी घ्यावी, असं आप्पांनी ठरवलं होतं. मी लेझर प्रिंटरवर पूर्ण पुस्तकाची डमी काढली, मधोमध पिना मारल्या आणि आम्ही दोघे गावी गेलो. आजींना आता वाचता येत नाही, डोळे उतरलेत. नातू अकरावीत आहे, त्याने ओट्यावर बसून वाचायला घेतलं. आठवणींची पहिलीच ओळ होती:

‘पोऱ्या शाळामा जाई ऱ्हायना.’

म्हणजे, मुलगा शाळेत जातो आहे. अहिराणीत चालू असलेली क्रिया सांगायला हा ‘ऱ्हायना’, ‘ऱ्हायनी’ सतत लागतो. प्रमाण मराठीत ‘ऱ्ह’ असा शब्दाच्या आरंभी क्वचित येतो, ऱ्हास वगैरे. अहिराणीत तो दर दोन-चार ओळींना येतो, आणि बऱ्याचदा त्याच ओळीत ‘पोऱ्या’ही असतो. डमीत ओळ अशी छापली होती: ‘पोर्या शाळामा जाई र्हायना.’ नातू ‘पोर्-या’वर थबकला, पुढे ‘ह’च्या डोक्यावर रफार बघून त्याला आवाजच काढता येईना. त्याने एकदा ‘हार्यना’ असं काहीतरी म्हटलं. आजी भिंतीला टेकून ऐकत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “हाई मन्हं नही.”

हे माझं नाही. आप्पांनी डमी हातात घेतली, चष्मा पुसला, दोन पानं उलटली आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं त्यांच्या वाचण्यात राहिलं असावं, पण त्यांच्या पिशवीत पहिलं प्रूफ होतं. तिथे प्रत्येक ‘ऱ्हायना’ जागच्या जागी नीट होता.

परत धुळ्याला येईपर्यंत मी मनात तीच ओळ वाचत होतो. एका बाईने आयुष्यभर जे शब्द बोलले, ते आप्पांनी पंचवीस वर्षांपूर्वी ऐकून, जपून लिहिले, आणि आम्ही एका बटणात त्यांच्या डोक्यावर रफार चढवले. पोहोचल्या पोहोचल्या नाशिकला फोन करून छपाई थांबवायला सांगितली.

दुरुस्ती

सफाईनंतर तीन दिवसांची मांडणी झाली होती, त्यामुळे मागे जाणं शक्य नव्हतं. सरसकट प्रत्येक ‘र्य’चा ‘ऱ्य’ करणंही चुकीचं ठरलं असतं, कारण खरे रफारही पुस्तकभर होते: कार्यक्रम, आचार्य, सूर्य, पर्यंत, धैर्य. व्याकरणाचा आधार इथे चांगला आहे. दरी, भाकरी, शेतकरी, वारा अशा शब्दांना विभक्तीने किंवा वचनाने ‘या’ लागला की आडवा र येतो: दऱ्या, भाकऱ्या, शेतकऱ्याने, वाऱ्यावर. संस्कृत-फारसीतून जसेच्या तसे आलेले शब्द रफार घेतात. ‘ह’च्या बाबतीत तऱ्हा, वऱ्हाड, ऱ्हास एका बाजूला, अर्हता दुसऱ्या. पण हा नियम डोक्यात ठेवून 112 पानं डोळ्यांनी चाळणं म्हणजे पुन्हा काहीतरी सुटणार.

इथे तो जुना फोल्डर कामी आला. रूपांतरानंतर लगेच ठेवलेल्या टेक्स्ट फाइलींत जोडक अजून शाबूत होते. त्या फाइलींतून जोडक असलेला प्रत्येक शब्द बाहेर काढला, पुनरावृत्ती वगळली आणि यादी केली. यादीतल्या प्रत्येक शब्दात जोडकाऐवजी स्वतंत्र ‘ऱ’ घातला, आणि पुस्तकात बिघडलेला शब्द शोधून त्या जागी हा शब्द बसवत गेलो, एका वेळी एकच. शब्दाच्या सुरुवातीचे ‘र्ह’ मात्र बिनधास्त एकदम बदलले, कारण रफाराने सुरू होणारा शब्द आपल्याकडे नाही. दोन्ही अर्थांनी येऊ शकणारे शब्द हाताने पाहिले. ‘दर्या’ एकाच जागी खरा निघाला, कोकणच्या सहलीच्या वर्णनात. पोषण आहार शिजवणाऱ्या ‘आचाऱ्यांचा’ सत्कार एका पानावर होता आणि दुसऱ्या पानावर प्रमुख पाहुणे ‘आचार्य’ होते. ती दोन पानं मी आप्पांना समोर बसवून दुरुस्त केली.

आडवा र रफारापेक्षा जागा जास्त घेतो. रफार अक्षराच्या डोक्यावर बसतो, आडव्या र ला ओळीत स्वतःची जागा लागते. त्यामुळे ओळी सरकल्या, दोन लेखांच्या शेवटी मजकूर चौकटीबाहेर गेल्याची लाल खूण आली, आणि एका लेखातला फोटो दोन ओळींनी लहान करावा लागला.

दुसरं प्रूफ आम्ही जुन्या पद्धतीने वाचलं. आप्पांनी मूळ प्रत मोठ्याने वाचायची, मी प्रूफवर बोट फिरवत जायचं. खिळ्यांच्या छापखान्यात हे रोजचं होतं. मी ज्यांच्याकडे काम शिकलो ते कंपोझिटर या आडव्या र चा खिळा वेगळ्या खणात ठेवायचे, त्यामुळे तो रफाराच्या जागी जाणं म्हणजे हात चुकीच्या खणात जाणं, आणि ते हाताला कळायचं. संगणकावर खण दिसत नाहीत. म्हणून ऐकून वाचणं मला आता जास्तच गरजेचं वाटतं. डोळा ‘भाकर्या’ला ‘भाकऱ्या’ समजून पुढे जातो, तोंड मात्र अडतं. नातवाचं तसंच झालं होतं.

वाया गेलेल्या चार प्लेट्सचा खर्च मी बिलात लावला नाही. आता आमच्या दुकानात जुना मजकूर युनिकोडमध्ये आला की पहिल्यांदा जोडकाचे सगळे आडवे र स्वतंत्र ‘ऱ’मध्ये बदलतो, आणि मग मांडणीला हात लावतो. अदृश्य चिन्हांची सफाई त्याच्याही नंतर, एकेक चिन्ह पाहून, आणि तीसुद्धा प्रूफ जाण्याआधी. प्रूफ वाचून आल्यावर पूर्ण पुस्तकावर चालणारा कुठलाही बदल करायचा नाही, केलाच तर प्रूफ पुन्हा काढायचं.

स्मरणिका समारंभाच्या आदल्या दिवशी पोहोचली. नंतर आप्पा दुकानात आले आणि आजींच्या आठवणींची फाइल शाळेच्या संगणकासाठी मागितली, मुलांना अहिराणीचे शब्द गोळा करायला देणार होते. पेन ड्राइव्हवर देण्याआधी मी त्यांच्यासमोर फाइल उघडून ‘ऱ्हायना’ शोधलं. पहिल्या ओळीतला सापडला, आणि मग खाली खाली, एकामागून एक, सगळे सापडत गेले. आप्पा शेवटच्यापर्यंत मोजत बसले होते.